प्रोटॉन मशीन नाही म्हणून मूल जातं? जरा थांबा

"गरीब देशात मुलाच्या मेंदूत ट्यूमर निघाला की संपलं, तिथे प्रोटॉन मशीन नसतं, ऑपरेशनने गाठ उलट पसरते, त्यापेक्षा तो पैसा लसींवर घाला." हा मेसेज सगळीकडे फिरतोय, खाली "विचार करा" असंही लिहिलंय. केला.

'संपलं' आधी घेऊ. मेंदूचा ट्यूमर हा एकच आजार नाहीये. पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा ही हळू वाढणारी गाठ लहान मेंदूत (डोक्याच्या मागच्या भागातला सेरेबेलम) असेल आणि सर्जनने अख्खा काढला तर बहुतेक मुलांना पुढे किमो नको, रेडिएशनही नको. डब्ल्यूएचओने 2018 ला बालकॅन्सरचा उपक्रम सुरू केला तेव्हा जे 6 कॅन्सर आधी घेतले त्यात लो ग्रेड ग्लायोमा, म्हणजे अशाच हळू वाढणाऱ्या गाठींचा गट, आहे, उगाच नाही. डीआयपीजी हा मेंदूच्या देठातला ट्यूमर मात्र श्रीमंत देशातही बहुतेक मुलांना वर्ष-दीड वर्षात नेतो, मग त्यात गरिबीचा काय संबंध?

आता प्रोटॉन, म्हणजे प्रोटॉन कणांनी रेडिएशन देणारं मशीन. मेडुलोब्लास्टोमा या लहान मेंदूतल्या कॅन्सरला डोकं आणि कणा दोन्हीला रेडिएशन लागतं, ते साध्या लिनॅकवर (नेहमीचं एक्स-रे रेडिएशनचं मशीन) देता येतं. प्रोटॉनने छाती-पोटाला जाणारा फुकटचा डोस वाचतो, चांगलंच आहे, पण मूल जगणं त्याच्यावर अडलेलं नाही. अडतं ते वेळेवर, म्हणजे ऑपरेशननंतर 4 ते 6 आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हायला हवं आणि इकडे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट लटकलेला, मशीनला वेटिंग, शिवाय लहान मूल डोकं जागेवर धरणाऱ्या मास्कखाली हलल्याशिवाय पडून राहत नाही म्हणून रोज भूल द्यायला माणूस हवा, आठवड्याचे 5 दिवस, असे 6 आठवडे. रोजगार बुडवून बसलेले आईबाप मधेच मुलाला घेऊन घरी जातात.

आणि त्याच्याही आधी निदान! सकाळी उठल्या उठल्या उलटी, मग बरं वाटतं, पोरगं दप्तर घेऊन शाळेत जातं, घरात कोण घाबरणार? रात्रभर आडवं पडून डोक्यातला दाब वाढलेला असतो. आधी जंताचं औषध, मग अॅसिडिटीचं सिरप, मग चष्मा, आणि भिंत धरून चालायला लागलं की स्कॅन. ब्रिटनमध्येही उशीर व्हायचा. 2011 ला हेडस्मार्ट मोहिमेत लक्षणांची कार्डं वाटली, डॉक्टरांना ट्रेनिंग दिलं, पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा 14 आठवड्यांचा वेळ 7 च्या आत आला. कार्डं हो, मशीन नाही.

ऑपरेशनने पसरतो? मेडुलोब्लास्टोमा मेंदूतल्या पाण्यातून स्वतःच पसरतो, म्हणून तर पाठीचाही एमआरआय करतात. उलट ऑपरेशन टाळलं आणि गाठीने त्या पाण्याची वाट अडवली की दाब वाढून मूल आठवड्यांत जाऊ शकतं.

राहिल्या लसी. त्या द्याच, कोण नको म्हणतंय? पण इथे सगळं नवं आणि महागडंच लागतं असं नाही. व्हिन्क्रिस्टीन, कार्बोप्लाटिन ही किमोची जुनी औषधं आहेत, डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक यादीतली. आणि जॉर्डनमध्ये अम्मानच्या किंग हुसेन कॅन्सर सेंटरने 2004 ला कॅनडातल्या टोरंटोच्या सिककिड्स या मुलांच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांसोबत व्हिडिओ कॉलवर एकेका मुलाची केस बोलायला सुरुवात केली, तर बऱ्याच मुलांचा ट्रीटमेंट प्लॅन त्या बोलण्यातूनच बदलला.