हे कोर्स एज्युकेशन विभागातच राहू द्या
एका लेखात म्हटलंय की अमेरिकेत कॉलेज स्पोर्ट्सचं नेतृत्व शिकवणारे मास्टर्स कोर्स एज्युकेशन विभागात कशाला, बिझनेस स्कूलला देऊन टाका. मला अजिबात नाही पटलं. अहो ही खेळाडू पोरं १८ ते २२ वयाची, एनसीएएचा, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचा, नियम सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास खेळ-सरावाचा आहे पण त्यात प्रवास धरतच नाहीत, मग गुरुवारी रात्री टीमसोबत विमानात बसलेली मुलगी सोमवारी केमिस्ट्रीचा पेपर कसा देणार हे कोण बघणार? तिथे ह्यूमन डेव्हलपमेंट शिकलेला माणूसच पाहिजे. पॉलिसीचंही तेच. शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींना टीम मिळाल्या, स्कॉलरशिप मिळाल्या. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात आणि २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर तर कॉलेजच थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलच्या मुलांनाच गेला तर पोहणाऱ्या, रोइंग करणाऱ्या मुलींनी काय करायचं? माझी भाची तिकडे रोइंग करते म्हणून जीव तुटतो. फायनान्सचे दोन पेपर वाढवा हवं तर, पण विभाग बदलू नका.