काका, तो ऑप्शनच नाहीये

परवा एका चित्रप्रदर्शनाच्या दारातच माझ्या खिशावर हिरवं गोल स्टिकर चिकटवलं गेलं. त्यावर छापलं होतं, 'नवशिका रसिक'. जन्मभर चित्रं बघत आलोय, चष्म्याचे नंबर बदलत बदलत बघत आलोय, आणि आता टॅबलेट घेतलेली एक मुलगी मला बालवर्गात बसवते!

तिचा तसा दोष नव्हता. प्रश्न तिच्या टॅबलेटला पडले होते. पहिला प्रश्न, आपले आवडते चित्र कोणते? माझ्या तोंडून लगेच निघालं, "हळदणकरांची दिवा घेतलेली बाई."

तिने टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं. मग रिपोर्ट वाईट आलेल्या पेशंटशी बोलावं तशी हळू आवाजात म्हणाली, "काका, तो ऑप्शनच नाहीये."

ऑप्शन होते ते असे : अमूर्त, संकल्पनात्मक, मांडणशिल्प, डिजिटल, सजावटी. मी काही बोलायच्या आत तिने बाईला 'सजावटी'त टाकून दिलं. पुढचा प्रश्न, कोरा कॅनव्हास पाहून आपल्या मनात काय येते? मी म्हटलं, "चित्रकार अजून आलेला नाही, हे येतं." ती हसली, टॅबलेट हसला नाही. हिरवं स्टिकर.

आत गेल्यावर कळलं की पिवळं म्हणजे 'जाणकार' आणि जांभळं म्हणजे 'प्रगल्भ'. लोक आधी एकमेकांच्या खिशाकडे बघत होते, मग चेहऱ्याकडे, आणि वेळ उरलाच तर भिंतीकडे. एका जोडप्यात नवरा पिवळा आणि बायको जांभळी होती. तो मुकाट तिची पर्स धरून चालला होता.

मी एका भल्यामोठ्या पांढऱ्या कॅनव्हाससमोर थांबलो होतो. सगळं पांढरं, फक्त खाली डाव्या कोपऱ्यात निळसर काहीतरी पुसल्यासारखं. तेवढ्यात बाजूला कोणीतरी "हं" म्हणालं.

वळून पाहिलं तर जांभळं स्टिकर. मूठ दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून एक गृहस्थ चित्र बघत होते. मग ते भिंतीला गाल टेकवून कॅनव्हासच्या कडेकडून बघायला लागले. मग पाठ फिरवून उभे राहिले आणि खांद्यावरून एकदम मागे पाहिलं, चित्राला बेसावध गाठावं तसं. प्रत्येक वेळी "हं". पण प्रत्येक 'हं' वेगळा. पहिला चौकशीचा, दुसरा संशयाचा, तिसरा सगळं आधीच ठाऊक असल्याचा.

"काय दिसतं?" त्यांनी माझ्या खिशाला विचारलं.

"पांढरं. आणि त्या कोपऱ्यात निळं."

"निळ्याकडे बघू नका. ते फसवायला ठेवलंय."

"मग कशाकडे बघू?"

"बघूच नका. तुम्ही फार बघताय. बघणं ही पहिली पायरी झाली, ती सोडायची."

"सोडून काय करायचं?"

"रिकामं व्हायचं."

मी प्रामाणिकपणे रिकामं व्हायचा प्रयत्न केला. डोक्यात गाडी कुठे लावलीय ते आलं.

"आलं काही?" ते म्हणाले.

"येतंय."

"मग नाही झालात. मला इथे काल रडू आलं होतं." हे त्यांनी 'माझं वजन कमी झालं' म्हणून सांगावं इतक्या अभिमानाने सांगितलं. "तुमचं आवडतं कुठलं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं असं कोणी म्हणेल. का बसायचं? मी पुन्हा सांगितलं, दिवा घेतलेली बाई.

त्यांनी डोळे मिटले. चौथा 'हं' आला, करुणेचा. "रविवर्मा."

"रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र १९४५च्या आसपासचं आहे. सावळाराम हळदणकरांचं."

"तेच हो. सगळी एकाच पठडीतली मंडळी."

म्हणजे ज्या गृहस्थाला चाळीस वर्षं आधी वारलेल्या माणसाकडून चित्र काढून घ्यायला काही वाटत नाही, तो प्रगल्भ. आणि मी नवशिका! बरं, ही चूक करणारे ते एकटे नाहीत. ती बाई पिढ्यानपिढ्या रविवर्म्याच्या नावावर खपते आहे. ज्या चित्रकाराने स्वतःच्या मुलीला दिवा घेऊन समोर उभं केलं, त्याचं नाव लोकांना सांगावं लागतं, आणि सांगितलं की लोक म्हणतात 'तेच हो'.

"कॅमेरा आल्यावर त्या असल्या चित्रांचं कामच संपलं," ते पुढे म्हणाले. "त्यात समजून घेण्यासारखं काय आहे? बाई आहे, दिवा आहे. संपलं."

संपलं कसं? ती बाई एका हातात दिवा धरते आणि दुसऱ्या हाताने ज्योत झाकते. त्या झाकणाऱ्या बोटांच्या कडा आतून तापल्यासारख्या तांबूस झाल्या आहेत, उजेड चेहऱ्यावर खालून चढतो आणि मागच्या भिंतीवर तिच्यापेक्षा मोठी सावली पडते. आणि हे सगळं जलरंगात आहे. तैलरंगात चुकलं तर वरून थर देता येतो. जलरंगात उजेड मागाहून आणून चिकटवता येत नाही, कागदाचा उजळपणा पहिल्यापासून राखावा लागतो. पांढरं राखणं म्हणजे काय, हे त्या बाईच्या बोटांत बघावं. मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता मूठ डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं.

खरी गंमत तारखांची आहे. मालेविच या अमूर्त चित्रकाराचा काळा चौकोन, म्हणजे त्या नावाचं चित्र, १९१५चा. त्याचाच पांढऱ्यावरचा पांढरा चौकोन १९१८चा. म्हणजे ज्याला आपण अजून 'मॉडर्न' म्हणतो तो काळा चौकोन माझ्या 'पारंपरिक' बाईपेक्षा तीस वर्षांनी थोरला आहे. आता त्याच्या अंगभर भेगा पडल्यात. शंभर वर्षं उलटून गेली तरी पांढऱ्या कॅनव्हाससमोर धक्का बसल्याचा अभिनय आपण अजून करायचा, आणि नाही केला तर हिरवं स्टिकर.

आणि हे उंचावरचे जाणकार बघतात तरी किती? १९६१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मातिस या फ्रेंच चित्रकाराची होडी, म्हणजे होडीचं चित्र, ४७ दिवस उलटी टांगलेली होती. होडी खाली, पाण्यातलं प्रतिबिंब वर. लाखाहून जास्त माणसं समोरून गेली. लक्षात आलं ते शेअरबाजारात काम करणाऱ्या एका बाईच्या. तिला कुठल्या रंगाचं स्टिकर मिळालं असतं? मोंद्रियान या डच चित्रकाराची कथा तर त्याहून सरस. त्याचं 'न्यूयॉर्क सिटी वन' हे रंगीत चिकटपट्ट्यांचं चित्र १९४१चं. २०२२ साली जर्मनीतल्या डुसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या क्युरेटरबाईंच्या ध्यानात आलं की हे बहुधा १९४५पासून उलटंच लागतंय. मग सरळ केलं का? नाही. उलटवलं तर जुन्या पट्ट्या गळून पडतील, म्हणून तसंच राहू दिलं! त्याच डुसेलडॉर्फमध्ये जोसेफ बॉइस या कलावंताने कला अकादमीत छताजवळच्या कोपऱ्यात कलाकृती म्हणून पाच किलो लोणी थापून ठेवलं होतं. १९८६ साली, तो गेल्यावर, ते साफसफाईत निघून गेलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि सरकारला चाळीस हजार मार्क भरपाई द्यावी लागली. ज्याने कोपरा स्वच्छ केला त्याच्या बाजूने एक शब्द लिहिलेला माझ्या वाचनात नाही.

हे वाचून काहींना आनंद झाला असेल, तर त्यांनाही सांगतो, आवरा. 'असलं तर माझा मुलगाही काढेल' म्हणणाऱ्यांचा मला तितकाच कंटाळा आहे. त्यांच्या मुलाने आजवर काहीही काढलेलं नसतं. आपल्या अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रासमोर मी कुणीही न सांगता तंगड्या दुखेपर्यंत उभा राहिलो आहे. वर्षाला मोजकीच चित्रं करणारा माणूस. त्याचे रंग खालून वर झिरपत आल्यासारखे दिसतात आणि त्यात काय आहे हे मला आजही सांगता येणार नाही. तिथे मला कोणी रिकामं व्हायला सांगितलं नव्हतं. उलट 'सोप्या' चित्रांचं काय? व्हान आयक या जुन्या युरोपीय चित्रकाराचं १४३४ सालचं ते नवराबायकोचं चित्र घ्या. हातात हात, पायाशी कुत्रा, मागे फुगीर आरसा, आरशात दारातून येणारी आणखी दोन माणसं. आणि भिंतीवर नक्षीदार अक्षरांत, 'यान व्हान आयक इथे होता.' पुरातन वास्तूंवर नावं कोरणाऱ्या सगळ्यांचा हा मूळ पुरुष. हे लग्न आहे, वाङ्‌निश्चय आहे की आणखी काही, यावर विद्वान अजून भांडताहेत. बाई आहे, कुत्रा आहे, संपलं का?

त्या प्रदर्शनात पांढऱ्या कॅनव्हासशेजारी एक मजकूर लावला होता. 'अवकाशाच्या अनुपस्थितीतून उपस्थितीच्या शक्यतांची चिकित्सा.' चित्रापेक्षा मजकुराला जास्त रंग लागला असावा. मला राग चित्राचा नाही. ते बिचारं आपलं पांढरं उभं आहे. राग त्या वाक्याचा आहे, जे खास न कळण्यासाठी लिहिलंय आणि न कळल्याचा ठपका मात्र वाचणाऱ्यावर ठेवतं. ते वाचून माणसं आवाज खाली करतात, जोडीदाराला कोपराने ढोसतात आणि 'आपल्याला नाही बुवा यातलं कळत' म्हणत बाहेर पडतात. एक आजोबा नातीला 'हे काय आहे' या प्रश्नावर 'शू' एवढंच म्हणाले. मुलगी शहाणी होती, निळ्या डागाकडे बोट दाखवून "पक्षी," म्हणाली. तिला स्टिकर नव्हतं, लहान मुलांना देत नाहीत.

प्रगल्भांना मी पक्षी सांगितला. त्यांनी पाचवा 'हं' केला आणि खिशातून मोबाइल काढला.

"जरा माझा एक फोटो काढता? चित्रासोबत."

कॅमेऱ्याचं काम संपलेलं नव्हतं तर. ते कॅनव्हाससमोर तिरके उभे राहिले, हनुवटीला हात, नजर जे नाही त्याकडे. मी त्यांना मधोमध घेतलं आणि बटण दाबलं. फोटोत पांढऱ्या भिंतीवरचं पांढरं चित्र भिंतीत विरून गेलं होतं, निळा डाग त्यांच्या ढोपरामागे लपला होता, आणि खिशावरचं जांभळं स्टिकर मात्र झकास आलं होतं. त्यांनी बोटांनी मोठा करून बराच वेळ तो न्याहाळला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मांडणी जरा पारंपरिक झालीय."