माळ घातली का?

भावाला हिपॅटायटिस बी आहे, हे कळल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण वैद्य झालाय. मावशी भुईआवळा घेऊन आल्या, शेजारचे काका गुळवेलीचा काढा. आत्याचा तर दर रविवारी फोन, "अगं, त्या गावाला नेऊन काविळीची माळ घातली का? आमच्या बंड्याची कावीळ आठ दिवसांत उतरली!"

आत्या, बंड्याला दूषित पाण्यातून होणारी कावीळ होती. ती बहुतेकांची आपोआप बरी होते, माळ घाला नाहीतर नका घालू. भावाचा विषाणू वेगळा. तो यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप बसतो, डोळे पिवळे होतीलच असं नाही, आणि पुढे सिरॉसिस (यकृत आक्रसून कडक होणं) किंवा यकृताचा कॅन्सरही होऊ शकतो. किती वेळा सांगायचं?

भुईआवळ्याचा १९८८ मध्ये चेन्नईत अभ्यास झाला, विषाणू जाईल अशी मोठी आशा वाटली, पण पुढच्या चाचण्यांत तो गुण दिसला नाही. आणि गुळवेल? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन यकृत बिघडलेल्या रुग्णांची नोंद केली. तोच काढा आजारी यकृताला पाजायचा?

भावाची विषाणू दाबून ठेवणारी टेनोफोविरची गोळी रोज एक. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गेल्या महिन्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने गोळी बारा दिवस बंद ठेवली. मला न सांगता! अशी मधेच सोडली तर विषाणू उसळतो, यकृत निकामीही होऊ शकतं. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा नव्हता.

काढा आणणाऱ्यांपैकी एकानेही स्वतःची हिपॅटायटिस बीची तपासणी केलेली नाही. लस तर दूरच.