‘बीआरएसआर’ उघडा आणि पाण्याचं कोष्टक बघा

कंपनीच्या वेबसाइटवरचं ‘सस्टेनेबिलिटी’चं पान वाचून मत बनवू नका. तिथं रोपं लावतानाचे फोटो असतात. हिशोब असतो ‘बीआरएसआर’ अहवालात, म्हणजे ‘बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट’मध्ये. बाजारमूल्यानं पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, तो २०२२-२३ पासून सक्तीचा केलाय. एनएसई-बीएसईच्या साइटवर फुकट मिळतो.

आधी विभाग ‘अ’ बघा. आकडे एकट्या कंपनीचे की उपकंपन्या धरून, हे तिथं लिहिलेलं असतं. सर्वांत जास्त धूर सोडणारा कारखाना उपकंपनीच्या नावावर असेल आणि अहवाल एकट्या कंपनीचा, तर तो धूर हिशोबात येतच नाही.

मग थेट तत्त्व ६, म्हणजे पर्यावरणाचा भाग. विजेचा आकडा स्वतः ताडून बघा: १० लाख युनिट म्हणजे ३,६०० गिगाज्यूल. ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे स्कोप २ मध्ये (विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन) ७०० टनांच्या आसपास. हजारपट फरक दिसला तर बहुधा मेगा-गिगाची गल्लत असते.

‘रुपयामागे उत्सर्जन घटलं’ या वाक्यावर तर अजिबात विसंबू नका. मालाचा भाव वाढला की उलाढाल फुगते आणि कारखान्यात काहीही न बदलता हा आकडा उतरतो. एकूण टन बघा, उत्पादनाच्या टनामागचं उत्सर्जन बघा.

माझा खरा राग पाण्यावरून आहे. उपसा वजा बाहेर सोडलेलं पाणी म्हणजे वापर, एवढं गणित जुळतंय का ते बघता येतं. पण एमआयडीसीचा नळ आणि खासगी टँकर दोन्ही ‘थर्ड पार्टी’च्या, म्हणजे दुसऱ्याकडून घेतलेल्या पाण्याच्या, एकाच ओळीत जातात, टँकर कुठल्या विहिरीवर भरला, ते कुठंच येत नाही. पाणीटंचाईच्या भागातल्या प्रत्येक प्रकल्पाचा उपसा वेगळा द्यायचा प्रश्न अहवालात आहे, पण तो ‘लीडरशिप’ गटात, म्हणजे ऐच्छिक. कंपनीचा देशभराचा उपसा कळून मराठवाड्यातल्या कारखान्याशेजारच्या शेतकऱ्याला काय उपयोग?

सेबीनं हा प्रश्न सक्तीचा करावा. तोवर कंपन्यांनी प्रकल्पनिहाय, स्रोतनिहाय कोष्टक मागच्या वर्षाच्या आकड्यांसह वेबसाइटवर टाकावं, मराठीतही.

तुमच्याकडे एक शेअर असला तरी एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, हे विचारता येतं. सभा ऑनलाइन असेल तर नोटिशीतली मुदत बघून वक्ता म्हणून आधी नाव नोंदवा.