एकाने ‘नाही’ म्हटलं की खुनी मोकळा म्हणे!

सकाळी साडेसहाला काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलं: ‘अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल! ज्यूरीतले बाराच्या बारा हो म्हणाले तरच फाशी. एकाने नाही म्हटलं की खुनी मोकळा. त्यापेक्षा आपला एकटा न्यायाधीश बरा.’ खाली आत्याने जोडलेले हात. दुपारी तेच सोसायटीच्या ग्रुपवर आलं, मग मात्र गप्प बसवेना.

हा निकाल अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यातल्या खटल्याचा दिसतो. तिथे फास नसतो, इंजेक्शन असतं, ते सोडा. ‘खुनी मोकळा’ हे कुठून आलं? तिथल्याच पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये गोळ्या घालून १७ जणांना मारणाऱ्या आणि आणखी १७ जणांना जखमी करणाऱ्या पोराने गुन्हा कबूलच केला होता. ज्यूरीपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या बारा पंचांपुढे, प्रश्न एवढाच, की मृत्युदंड द्यायचा की जन्मठेप. २०२२ मध्ये मतं पडली नऊ विरुद्ध तीन. तेव्हा तिथे एकमत लागायचं, म्हणून त्या तिघांमुळे मृत्युदंड टळला. मग तो घरी गेला? ३४ जन्मठेपा झाल्या त्याला, एकामागून एक भोगायच्या, पॅरोल नाही. ह्याला मोकळा म्हणायचं तर येरवड्यात सगळे सहलीला गेलेत.

दोषी ठरवायला मात्र बाराही जण लागतात. पण तिथेही एक अडला तर सुटका होत नाही, खटला पुन्हा चालवता येतो.

आता तो निकाल. फॉरवर्डमध्ये नाव नाही, पण रोख ‘हर्स्ट विरुद्ध फ्लॉरिडा’कडे दिसतो, १२ जानेवारी २०१६. निकालपत्र काढून वाचलं. खुनात दोषी ठरलेल्या हर्स्टच्या ज्यूरीने मृत्युदंडाची शिफारस केली ती सात विरुद्ध पाच अशी. नुसती शिफारस हं. शेवटचा शब्द न्यायाधीशाचा. कोर्टाने तेच घटनाबाह्य ठरवलं: मृत्युदंडासाठी लागणाऱ्या बाबी सिद्ध झाल्या की नाही, हे ज्यूरीनेच ठरवायचं. एकमत हवंच, असं त्यात ठरवलेलंच नाही. म्हणजे काकांना जो एकटा न्यायाधीश बरा वाटतो, नेमका त्यालाच ह्या निकालाने अडवलं.

एकमताची अट फ्लॉरिडाने नंतर आपली आपण घातली आणि पार्कलंडच्या निकालावर चिडून २०२३ मध्ये काढूनही टाकली. आता तिथे आठ मतं पुरतात, अलाबामात दहा. मृत्युदंड असलेल्या बाकीच्या बहुतेक राज्यांत एकमत लागतं, हे खरं. चला, तेवढं काकांना दिलं.

आणि आपल्याकडचा तो ‘एकटा’? सत्र न्यायाधीशाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही.