अकरावी, तुकडी ई

चौथीपर्यंतच्या शाळेत अकरावीची ई तुकडी कुठून आली, याचा खुलासा मला मागितलाय. लेखी.

साताऱ्यातल्या एका कार्यालयात मुलांची माहिती ऑनलाइन दिली होती. ऑनलाइन दिली म्हणून एसटीत बसून समक्ष यायला सांगितलं. भाऊसाहेबांनी आधारच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय ओ गुरुजी? १.२३४५७ई+११?"

"एक्सेलनं केलंय."

"एक्सेल तुमच्या शाळंत नोकरीला हाय व्हय? ह्या पोराची ई, त्या पोरीची बी ई. अ, ब, क, ड कुठं गेल्या?"

"तो आधार नंबर आहे, भाऊसाहेब."

"आधारात अधिक कुठनं आलं? वजाबाकी असती तर समजलो असतो, गळती म्हनून."

शेजारी चहा पीत बसलेले एक गृहस्थ उगाच म्हणाले, "पटसंख्या वाढवायची आसंल." ते मात्र भाऊसाहेबांना लगेच पटलं.

माझ्या फाईलीत आकडे धड होते. कार्यालयात तिची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविराम घातलेली साधी मजकुराची फाईल, केली, एक्सेलमध्ये उघडून पाहिली आणि जाता जाता सेव्ह केली. तिथंच घात. एक्सेलचा 'जनरल', म्हणजे मूळचा न बदललेला, रकाना ११ अंकांपर्यंतच सरळ दाखवतो; त्याहून मोठा आकडा 'ई+११' असा आखडून. आधार १२ अंकी. सीएसव्हीत जातं ते दिसतं तेवढंच, म्हणून मागच्या अंकांची शून्यं होतात. शाळेचा सरकारी नंबर, यूडायस कोड, ११ अंकी, तो वाचतो. म्हणजे शाळा खरी, मुलं खोटी. सीएसव्ही डबल-क्लिकनं उघडूच नये. 'डेटा' मेनूतून आत घ्यावी आणि तो रकाना 'टेक्स्ट' करावा. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८', नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

हेच आधार नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवर उघडे टाकायला सांगतात, त्याचं कुणाला काही नाही. लेकरांचे नंबर आहेत हो ते!

आणि आम्ही म्हणे तंत्रस्नेही व्हायचं. झालोय की. पाटणच्या डोंगरात रेंज नसते, तर पुस्तकातला क्यूआर कोड खाली बाजारात स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ ॲपमध्येच डाउनलोड करायचा. वर शाळेत तो नेटशिवाय चालतो. जुन्या स्मार्ट टीव्हीला हॉटस्पॉट दिसत नसेल, तर फोनचा बँड ५ वरून २.४ गिगाहर्ट्झवर आणायचा. यातलं काहीच अवघड नाही. पोरं टीव्हीसमोर मांडी घालून बसतात, व्हिडिओ सुरू होतो आणि ग्रुपवर येतं : "लिंक तातडीने भरा. मुदत १२ वाजेपर्यंत."

मेसेज पडलेला असतो १२.२०ला.