काजळला मैदानात का सोडत नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. काजळ या आमच्या घरच्या सशावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडी लाज वाटली, म्हणून उत्तराला आठवडा लागला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ससा हा रानातला जीव, त्याला चार भिंतींत कोंडून वर ‘दत्तक घेतला’ म्हणून मिरवणं हे ढोंग आहे, खरी दया असेल तर काजळला गवताळ मैदानात सोडून द्यावं. आणि ती मांडीवर उताणी झोपलेला फोटो टाकून मी लोकांना सशाचा मोह घालते आहे.

लाज वाटली ती फोटोची. तेव्हा तिला घरी येऊन तीनच आठवडे झाले होते. उताणं धरलं की ती पाय सैल सोडून गप्प पडायची. केवढा विश्वास टाकलाय, असं वाटून आम्ही आल्या-गेल्याला ते कौतुकाने दाखवायचो. पुढे डॉक्टरांनी खडसावलं तेव्हा कळलं, ती झोप नव्हेच. दुसऱ्याचं भक्ष्य होणारा प्राणी पकडीत सापडला, सुटकेची वाट दिसेना, की असा निपचित पडतो. म्हणजे ती भीतीने गोठलेली आणि आम्ही फोटो काढतोय! शिवाय सशाची हाडं हलकी, मागच्या पायांत जोर भलता. नीट आधार न देता उचललं आणि त्याने झटका दिला, तर स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. आता तिला उचलतच नाही. मीच जमिनीवर बसते, वाटलं तर ती येते.

कोंडण्याबद्दलही तुम्ही निम्मे बरोबर आहात. पहिले दहा दिवस ती पिंजऱ्यात होती, तेवढी माझी चूक. हल्ली एक खोली तिचीच आहे. तिथल्या वायरी आम्ही नळ्यांत घातल्या, तरी एक तिने शोधून काढलीच.

पण सोडून देणं? इथे मात्र मी ऐकणार नाही. मराठीत आपण रानातल्याला आणि घरातल्याला एकच शब्द वापरतो, घोटाळा तिथेच होतो. माळावर उड्या मारत पळणारा लांब पायांचा ससा वेगळा. त्याची पिल्लं जन्मतात तीच केसाळ आणि डोळे उघडे असलेली. पाळीव ससा हा युरोपातल्या बिळं करून राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिल्लं उघडीनागडी आणि आंधळी जन्मतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाळून त्याचा रंग बदलला, कान लोंबते केले, सावधपणाही बराच घालवला. काजळ पांढरीशुभ्र आहे, फक्त डोळ्यांभोवती काळी रेघ. हिरव्या गवतात ती घारीला केवढ्या लांबून दिसेल!

आणि तिला एकदा कुणीतरी ‘मोकळं’ सोडलंच होतं. सापडली तेव्हा झुडपाखाली बसली होती, एक कान फाटलेला, नखं वाढून वळलेली, पोटाखालच्या केसांच्या गाठी. ससेहोलपट हा शब्द मी आधी शंभरदा वापरला असेन, अर्थ त्या दिवशी कळला. बरं, सोडलेले ससे जिथे तगतात तिथे उलटी आफत. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेपायी दोनेक डझन ससे सोडले, तो देश अजून निस्तरतोय.

‘दत्तक’ या शब्दावर वाद नको. सांभाळायला आणली म्हणू.

आता लेखात जे लिहायला हवं होतं ते. एका संध्याकाळी, पिशवीची सळसळ ऐकली की धावत येणारी ही बाई कोपऱ्यात अंग आखडून बसली. गवत तसंच. दात करकर वाजत होते, आणि ते दुखण्याचं लक्षण आहे हे मला ठाऊक नव्हतं. सशाला उलटी होत नाही; आतडं सतत हलतं राहावं लागतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर जिवावर बेततं. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, सलाईन दिलं आणि बिनसुईच्या सिरिंजने भरवायला सांगितलं. रात्रभर दर तीन तासांनी, टॉवेलात गुंडाळून, ओठांच्या कडेने थोडं थोडं. पहाटे पाचला फरशीवर एक लेंडी दिसली, वाकडी, कोरडी, वाटाण्याच्या निम्मी. घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवली! कारण आमचंच : आवडतं म्हणून रोज दिलेलं गाजर. ते सशाला जवळजवळ मिठाईच. त्याचं खरं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, दिवसभर, ढीगभर. जन्मभर वाढणारे दात त्यानेच झिजतात. तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी लेंड्या बघायच्या, हा आमच्या घरचा नेम.

तिचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशनही करून घेतलं, कारण न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा तिथे कर्करोग होण्याचा धोका फार मोठा असतो. ससे आठ-दहा वर्षं सहज जगतात. मुलाने हट्ट धरला म्हणून ससा आणू का, असं विचारणाऱ्यांना मी हल्ली सरळ नको म्हणते. तेवढ्यापुरतं आपलं दोघांचं एकमत आहे.

मांडीवरचा फोटो लेखातून काढलाय. त्याजागी कुरतडलेल्या वायरीचा लावलाय.